सगळ्यात वरचं घर

मेलेलं माणूस नावातून बाळात परत येतं आणि नाव चुकलं की बाळ रडतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या लेकाला आम्ही वारलेल्या सासऱ्यांचं नाव दिलं. तो रडला. मग माझ्या भावाचं दिलं, मग नवऱ्याच्या मामांचं. तो रडतच राहिला, प्यायलेलं दूध ओकत राहिला. उन्हाळा येईपर्यंत त्याच्या मांड्यांवरची कातडी लोंबायला लागली. दवाखान्यातल्या नर्सने औषध दिलं, तेही मी पाजलं. मी काही अडाणी नाही.

"याला आपल्या जुन्या द्वीपकल्पावर ने," नवऱ्याच्या आत्या, उकित्तुक, म्हणाल्या. "सरकारने आपल्याला उचलून इथे वस्तीत आणलं, मेलेल्यांना कुठे आणलं? याचं नाव तिकडेच राहिलंय."

"आणि तिकडेही गप्प नाही बसला तर?" कुब्लू, माझा नवरा, म्हणाला.

"तर तू गप्प बस आणि बोट चालव."

समुद्रावरचा बर्फ फुटल्यावर निघालो. तिकडे समुद्र पिढ्यान्‌पिढ्या मागे सरत आलाय, त्यामुळे किनारा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. प्रत्येक पायरीवर तंबू दाबायला मांडलेल्या दगडांची वर्तुळं आहेत. सगळ्यात खालचं आत्यांच्या आईबापांचं. जितकं वर, तितकं जुनं. आत्या एकेका वर्तुळात बसून तिथल्या माणसांची नावं घेत होत्या आणि बाळ माझ्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसून किंचाळत होतं. अर्ध्या चढावर त्यांची नावं संपली.

"याच्यावरचे कोण, ते माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं गं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत तिथेच बसल्या.

मी एकटीच चढले. सगळ्यात वरचं वर्तुळ दगडफुलाने काळं पडलं होतं. आत खड्यांचं एक टीचभर वर्तुळ होतं. कुठल्याशा पोराने खेळातलं घर मांडलेलं. मी आत पाऊल टाकलं. वारा पडला. सीलच्या तेलाचा दिवा लावल्यासारखा वास आला.

माझ्या तोंडून नाव निघालं, "उयामिक." ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

बाळ थांबलं. हुंदका अर्धाच राहिला.

सूर्य उगवत नाही ते अंधाराचे महिने आले तोवर तो चांगला गुबगुबीत झाला. आत्या त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "कोणाचा कोण रे तू, आणि बसलायस माझ्या मांडीवर." फक्त मी हाक मारली की तो माझ्याकडे बघायचा नाही. पडवीच्या दाराकडे बघायचा.

काल तो पहिला शब्द बोलला. मी त्याच्या मागे बसून बूट शिवत होते.

दाराकडे बघून तो म्हणाला, "आई."

खोटं कशाला सांगू, हेवाच वाटला.

मग पडवीतून कोणीतरी ओ दिली. हळूच, दमलेल्या आवाजात.

कुब्लूने माझ्याकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं.

मी उठले आणि दार फटभर उघडं ठेवलं. पडवीत आम्ही मांस गोठवायला टांगतो. त्याची आधीची आई तिथे कधीपासून उभी होती, कोण जाणे.