न पाहिलेलं चित्र

"माझा भाऊ सात वर्षांसाठी आत जाणार आहे. चूक त्याचीच आहे. पण तुम्ही त्याला सोडवा."

खुर्चीत टेकण्याआधीच बाईंनी हे सांगून टाकलं. समोर बसलेल्या खासगी गुप्तहेराला सारं शहर टाचणी म्हणे. एक तर तो अंगानं तसाच होता, आणि बोलला की टोचायचा. कोपऱ्यात त्याच्या बहिणीचे यजमान, दाजी, वर्तमानपत्राआड डुलक्या काढत होते. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते मेव्हण्याच्या धंद्यात मदत करत. म्हणजे प्रश्न विचारत आणि बिस्किटं संपवत.

"चूक त्याची असेल तर वकिलाकडे जा. माझ्याकडे का?"

"वकिलांनीच पाठवलं. म्हणाले, आता तुम्हीच काही करू शकाल तर."

बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. नोकरी संपली, घर खायला उठलं, म्हणून त्या यंदाच धाकट्या भावाकडे राहायला आल्या होत्या. भाऊ लाकडावर चित्रं कोरायचा आणि घराखालच्या छापखान्यात भागीदारासोबत ती कागदावर छापायचा. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्याचं नवं चित्र शहरभर भिंतींवर लागलं होतं. दुपारच्या आत पोलिसांनी सगळे कागद खरवडून नेले, छापखान्यातला लाकडी ठसाही उचलला आणि चित्रकारालाही.

"तुम्ही पाहिलंत ते चित्र?"

"छे! मी घराबाहेर पडेपर्यंत भिंती मोकळ्या होत्या. पण लोक सांगतात ना. मंत्र्याच्या डोक्यावर धर्मगुरूंचा डावा हात! आशीर्वाद उजव्या हातानंच देतात हे लहान पोराला कळतं, साहेब. त्याला कसं कळू नये? मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. आई गेली तेव्हा तो एवढासा होता."

"भेटलात त्याला?"

"भेटू देत नाहीत."

टाचणीनं मान हलवली. बाई गेल्यावर दाजी पूर्ण जागे झाले.

"मेव्हणे, यात शोधायचं काय? चित्र बघायचं, डावा की उजवा ते ठरवायचं, घरी जायचं."

"चित्र बघता येत नाही, दाजी. नवा कायदा. अवमानकारक चित्र दाखवणं म्हणजे तोच गुन्हा पुन्हा करणं. न्यायाधीशांनाही बघायची परवानगी नाही."

"मग शिक्षा कशावर?"

"ज्यानं पाहिलं त्याच्या शब्दावर."

दाजींनी बिस्किट परत ताटलीत ठेवलं. असं सहसा होत नसे.

*

ज्यानं पाहिलं ते गृहस्थ म्हणजे धर्मपीठाचे चिटणीस. सरकारच्या सल्लागार मंडळावरही तेच होते, त्यामुळे त्यांच्या टेबलावर दोन फोन होते. एक धर्माचा, एक सरकारचा. दोन्ही तेच उचलत.

"मंत्र्यांची टिंगल कुणीही करावी," चिटणीस उदारपणे म्हणाले. "त्याला आमची हरकत नाही. पवित्र खुणांना मात्र हात लावायचा नाही. कायद्यात तेवढंच आहे."

"मसुदा तुम्हीच केला होता म्हणे."

"आम्ही फक्त सल्ला देतो. सरकार ऐकतं, हा सरकारचा चांगुलपणा."

"चित्र कुठे पाहिलंत?"

"बसथांब्याच्या भिंतीवर. सकाळी जाता जाता. शपथेवर सांगितलंय तसं. तक्रारदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं."

"नेमकं काय होतं त्यात?"

चिटणीसांनी दाराकडे पाहिलं. टाचणीनं आणलेला वकिलांचा परवानगीचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग एक शब्दही न बोलता डावा हात जरासा उचलला आणि पटकन टेबलाखाली नेला.

"तोंडानं बोलणंसुद्धा अवमान आहे," ते म्हणाले. "म्हणून आम्ही आरोप कुठेच उघड केला नाही. न्यायाधीश, वकील, आरोपी आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. कुणाला सांगणार नाही असं वकिलांकडूनही लिहून घेतलंय. आता तुम्ही."

"आरोपी काय म्हणतो?"

"उलटं सांगतो. आरोपी दुसरं काय सांगणार?"

"आता तो ठसा, ते कागद..."

"जाळले. असल्या वस्तू जपून ठेवायच्या असतात का?"

*

छापखाना तळघरात होता. शाईचा आणि ओल्या लाकडाचा वास. चित्रकाराचा भागीदार हात पुसत पुढे आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. पोलिसांनी त्यालाही दोन दिवस बसवून ठेवलं होतं.

दाजी मांडणीवरच्या एका ठशाकडे डोळे बारीक करून बघत होते. "ही कुठली लिपी हो?"

"आपलीच," भागीदार पहिल्यांदाच हसला. "लग्नाची पत्रिका आहे ती. आरशात वाचा."

दाजी ओशाळले. टाचणी लादीकडे पाहत होता. लाकूड कोरायची जागा, पण कुठे एक छिलका नाही.

"झाडतं कोण?"

"ताई. त्या आल्यापासून इथे जेवायला बसावं अशी लादी झालीय. आम्ही दोघं कसले झाडतोय!"

"त्या चित्राचा ठसा किती दिवस इथे होता?"

"पंधरवडाभर. याच बाकावर. कागद मात्र इथे राहिले नाहीत. वाळले तसे गुंडाळून चिकटवणाऱ्याकडे पाठवले. दाराला कुलूप असतं, साहेब. आम्ही दोघं आणि ताई, चौथा माणूस आत येत नाही." तो थांबला. "सगळे माझ्याकडे बघतात. मीच चुगली केली म्हणतात. वीस वर्षं त्याच्याबरोबर एका ताटात जेवलोय मी."

"चित्रात हात कुठला होता?"

भागीदार पुन्हा हात पुसू लागला. "ते सांगितलं तर मलाही नेतील."

*

पोस्टर चिकटवणारा बसथांब्याजवळच सापडला. कोपरापर्यंत खळ, आणि पकडलं जाण्याची अजिबात भीती नाही.

"मी चित्रं बघत नसतो, साहेब. बघायला लागलो तर पोट कसं भरेल? वरची बाजू वर आली की झालं."

"हे एक तरी आठवत असेल."

"एक उभा, आपल्याकडे तोंड करून. एक गुडघ्यावर. उभ्याचा एक हात गुडघेवाल्याच्या डोक्यावर आणि दुसरा बाजूला ताणलेला, बोट दाखवत. मला गंमत वाटली. म्हणून या भिंतीवर अशा जागी लावलं की बोट बरोबर सचिवालयाकडे जाईल. पाटी लावावी तसं!"

भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की सचिवालय उजव्या अंगाला, रस्त्याच्या टोकाशी दिसत होतं.

"दाजी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. सचिवालयाकडे बोट करा."

"लोक बघतायत, मेव्हणे."

"बघू देत."

दाजी बोट दाखवत उभे राहिले. बससाठी थांबलेल्या माणसांना करमणूक झाली. टाचणीनं त्यांनाच विचारलं, की इथे लागलेल्या चित्रात काय होतं? कुणी म्हणालं, धर्मगुरूंना शेपूट होतं. कुणी म्हणालं, शेपूट मंत्र्याला होतं. एका आजोबांनी तर दोघांनाही कपडे नव्हते असं छातीठोक सांगितलं.

"खांदा भरून आला," दाजी कुरकुरले.

"कुठला?"

"डावा. दुसरा कसा दुखेल?"

"खाली करा. काम झालं."

*

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा टाचणीनं त्यांना आधी पाणी दिलं.

"तुमच्या भावानं डावा हात काढला नव्हता," तो म्हणाला.

बाईंनी पेला खाली ठेवला.

"बोट दाखवणारा हात बघणाऱ्याच्या उजवीकडे होता, कारण सचिवालय तिकडेच आहे. आपल्याकडे तोंड केलेल्या माणसाचा तो हात डावा. काल दाजींचा खांदा त्यासाठीच दुखला. मग डोक्यावरचा हात उजवा."

"म्हणजे चिटणीस खोटं बोलले?" दाजींनी विचारलं.

"भिंतीवर पाहिलं हे खोटं. डावा हात म्हणाले ते मात्र मनापासून. कुणीतरी त्यांना तसंच सांगितलं होतं. डावा हात होता, पण कागदावर नाही, लाकडावर होता. ठशात सगळं उलटं असतं. म्हणजे सांगणाऱ्यानं ठसा पाहिला, कागद पाहिलाच नाही."

"भागीदार!"

"तो जन्मभर ठसे छापतोय, दाजी. उलटं कोरलेलं तो आपोआप सुलटं वाचतो. त्याला वाईट करायचं असतं तरी ही चूक त्याच्या हातून झाली नसती. ही चूक फक्त ठशांची सवय नसलेला माणूस करेल. कुलपाच्या आत जाणारा, तरीही त्या कामातला नसलेला."

दाजींनी बाईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही आलात त्या दिवशी म्हणालात, लोक सांगतात. लोक शेपटाबद्दल सांगतात. हाताचं कुणालाच ठाऊक नाही, आरोप उघड करायलाच बंदी आहे. वकिलांनी सांगितलं नाही, भावाला तुम्ही भेटला नाहीत. मग तुम्हाला डावा हात कुठून कळला?"

बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"झाडताना दिसला," त्या म्हणाल्या. "बाकावर. त्याला विचारायचा धीर झाला नाही, तो चिडला असता. मी धर्मपीठात गेले. तिथे एक खोली आहे, मनातलं सांगायची. सांगायचं आणि हलकं होऊन यायचं. लहानपणापासून जातेय. मी धर्मगुरूंना म्हटलं, माझ्या भावाच्या हातून पाप होतंय, त्याला सांभाळा. एवढंच, साहेब. मी तक्रार नव्हती केली."

"माहीत आहे. ती पुढे त्यांनी केली. धर्मगुरूंनी चिटणीसांना सांगितलं, का चिटणीस स्वतःच पडद्यामागे बसले होते, ते मला ठाऊक नाही. चिटणीसांनी चित्र भिंतीवर लागायची वाट पाहिली आणि तक्रारीचा अर्ज दिला. त्या खोलीतून निघालेलं बोलणं सरळ सरकारच्या टेबलावर गेलं. अंतर फार नाही. दोन फोनांमध्ये असतं तेवढं."

"आता?"

"तुम्ही हे न्यायालयात सांगितलंत तर चिटणीसांनी काही पाहिलं नव्हतं हे सिद्ध होतं. तक्रार पडते."

"भावाच्या देखत सांगायचं?"

"हो."

"धर्मगुरूंच्या विरुद्ध."

"हो. आणि साक्षीत तो हात उच्चारावा लागेल. सरकारला वाटलं तर तुमच्यावरही तोच गुन्हा लावता येईल."

बाई खिडकीकडे पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि डावाच असता तर?"

हात कुठला होता ते टाचणीला शोधता आलं. असा प्रश्न माणसाला तुरुंगाच्या दारात उभं करून का विचारावा, हे शोधायला त्याला कुणी नेमलं नव्हतं.

"तर तो आत गेला असता," बाईच म्हणाल्या. "आणि मी त्याला डबा पोचवला असता, आणि रोज परत येताना मनात म्हटलं असतं, झालं ते बरोबर झालं." त्यांना रडू फुटलं. "माझा एवढासा भाऊ, साहेब! एका हातासाठी!"

दाजींनी तोंड फिरवून चष्मा पुसला. बाई मनसोक्त रडल्या. मग त्यांनी डोळे कोरडे केले आणि उठून उभ्या राहिल्या.

"वकिलांना फोन लावा. म्हणावं, साक्ष द्यायला तयार आहे. पण हात कुठला होता एवढंच विचारून मला खाली बसवायचं नाही. डावाच असता तर काय, हे मी तिथेही विचारणार आहे."

"पकडतील तुम्हाला," दाजी घाबरून म्हणाले.

"पकडू देत," बाई म्हणाल्या. "तिथे तरी भेटू देतील ना त्याला?"