तिसऱ्या सिलिंडरातलं पाणी

गोरक्षमामा ही गोष्ट रात्री शटर अर्धं ओढल्यावर गॅरेजच्या नव्या पोरांना सांगतात. माझ्या ओळखीच्या एका पोराबरोबर घडलेली, असं म्हणून सुरुवात करतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. तो पोर मी आहे. मामा त्यातलं थोडं गाळतात, मला सांभाळून घ्यायला. मला कोणी सांभाळून घ्यायची गरज नाही. म्हणून सगळी लिहितो.

या वर्षीच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ होती. नाशिकच्या द्वारका चौकातल्या आमच्या गॅरेजात काम नव्हतं, निम्मी पोरं आमरस खायला गावी गेली होती. मी गेलो नव्हतो. दिवे लागणीला मामांना फोन आला. सोग्रस फाट्याला, देवळ्याचा रस्ता वळतो तिथल्या ढाब्यावर एक जुनी फियाट अडकली आहे, मिसिंग मारते आहे, आणि मालकाला काही करून रात्रीतच घाट चढायचा आहे. मामांचे गुडघे धरलेले. त्यांनी पाने आणि दोन चांगले प्लग माझ्या पिशवीत टाकले, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, जाऊन ये, तिथून तुझं घर जवळ, वाटलं तर तसाच पुढं जा. मी म्हणालो, घरी जाणार नाही.

"मग राग गाडीवर काढ," मामा म्हणाले. "माणसावर नको."

राग कशाचा ते सांगतो. चंदर माझा मोठा भाऊ. याच गॅरेजात मिस्त्री होता. मला सातवीतून उचलून त्यानंच इथं आणलं, पाना हातात दिला. पुढं माझे हात अगदी त्याच्याच मापाचे झाले, असं मामा म्हणायचे. मागच्या मे महिन्यात तो मोटरसायकलवर देवळ्याला घरी निघाला आणि रात्री भावडबारीच्या घाटात कोणीतरी त्याला उडवून निघून गेलं. सकाळी सापडला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास जिवंत असावा. मोटरसायकल एकीकडे आणि तो तुटलेल्या पायानं बराच पुढं सरपटत गेलेला. तोंड डांबराला टेकलेलं. जिभेला खडी आणि माती. तिकडे घर नाही, दिवा नाही, मग तो तिकडे का सरपटला, हे पोलिसांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

वर्षात घरातलं कोणी गेलं की आमच्याकडे पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं मातीची घागर भरतात. वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची आणि घरच्या पुरुषानं नाव घेऊन पाणी सोडायचं. तोवर गेलेल्याला पाणी मिळत नाही. चंदरला मूलबाळ नव्हतं, नाव मलाच घ्यायचं होतं. आई आठ दिवस फोन करत होती. त्या सकाळी मी तिला सांगून टाकलं.

"ज्यानं मारलं तो सापडल्याशिवाय मी घागर भरणार नाय. राहू दे त्याला तहानेला. तहानेला माणूस हिंडतो. हिंडला तर शोधेल."

आई म्हणाली, "हे तू त्याच्यासाठी नाय बोलत, भारत. तुझ्यासाठी बोलतो." आणि फोन ठेवला.

ढाब्यावर पोचलो तेव्हा जेवणाची गर्दी ओसरली होती. फियाट एका कडेला, बॉनेट उघडं. मालकाचं नाव चिमाजी. साठीचा माणूस, पांढरा सदरा, कांद्याचा व्यापार, राहायला नाशिकला. देवळ्याच्या पुढं त्याचं गाव. बापाची घागर भरायला निघालेला, तीही उशिरा. मागच्या सीटवर पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन एकावर एक रचलेले होते. मी विचारलं, अण्णा, लग्नाला पाणी पुरवायला निघाले का काय?

"गाडी माझी पाण्यावर चालते बाबा," तो म्हणाला. "पेट्रोल नुसतं तोंडी लावायला."

हसला. मीही हसलो. मग तो सांगत बसला. वर्ष होत आलं, रेडिएटर भरलं की दुसऱ्या दिवशी कोरडं. दोनदा हेड गॅस्केट बदललं, हेड घासून आणलं, कोणा मिस्त्रीला गळती सापडली नाही.

मी गाडी चालू केली. हलत होती, डचके खात होती. अशा वेळी चंदर करायचा तेच मी केलं. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढायच्या. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज पडतो. जिची काढून काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलेलं. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी, पडला. चौथीला गाडी बंद पडायला आली. तिसरीला काहीच नाही.

तिसरा प्लग खोलला. ओला. वास घेतला, पेट्रोलचा नव्हता. जिभेला लावून बघितला. पाणी. गॅस्केट गेलं की असं होतं, पण मग तेल दुधाळ दिसतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तेल स्वच्छ होतं. धूर नव्हता. रेडिएटर भरून झाकण उघडं ठेवलं, बुडबुडे आले नाहीत. पाणी आत जात होतं हे खरं. बाहेर मात्र कुठूनच येत नव्हतं.

नवा प्लग घातला. गाडी शिलाई मशीनसारखी चालायला लागली. चिमाजीनं हात जोडले. आणि रेडिएटरचं झाकण लावताना माझी नजर खाली गेली.

गाडी चाळीस वर्षांची. रेडिएटर नवं. त्याच्या खालची आडवी पट्टी ठोकून सरळ केलेली. पुढच्या पत्र्याला आतून वेगळाच रंग.

"पुढून ठोकली होती का, अण्णा?"

"गाय आली आडवी."

"कधी?"

तो कॅन मोजल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात. कुठं, ते मी विचारलं नाही. मला विचारवलंच नाही. मोठा पाना पिशवीत टाकायच्या ऐवजी मी पँटच्या मागं खोचला आणि म्हणालो, घाटात पुन्हा मिसिंग करेल, मी चालवतो, वर चढवून देतो. त्याला बरंच वाटलं. या घाटानं तो वर्षात आला नव्हता, लांबच्या रस्त्यानं जायचा, हे त्यानंच सांगितलं. आज भाऊबंद वाट बघून कंटाळले, म्हणून.

माझी मोटरसायकल ढाब्यावर ठेवली. निघालो.

तिजेची कोर केव्हाच मावळली होती. रस्त्यावर कोणी नव्हतं. सपाटीला गाडी सुरेख चालली. चढ लागला आणि पहिला डचका बसला. मग दुसरा. चिमाजीनं मागं वळून कॅनकडे बघितलं. मी गिअर उतरवला. डचके वाढले. तिसरं सिलिंडर मेलं होतं, आवाजावरून कळत होतं. पण डचक्याच्या मधे अजून एक आवाज होता. आधी मला वाटलं, पाइपातून पाणी खेळतंय.

तसा नव्हता तो.

वळण आलं. ते वळण मला ठाऊक होतं. वर्षभरात मी तिथं किती वेळा जाऊन बसलो, माझं मला माहीत. मी ब्रेक दाबला नाही. गाडी आपली थांबली. इंजिन बंद पडलं. दिवे लागलेलेच होते.

शांत.

मग तो आवाज पुन्हा आला. इंजिन बंद असताना.

घट… घट…

कोणीतरी पीत होतं. घाईनं. मधे श्वास घ्यायला थांबत होतं. मग परत. घट… घट… घट…

चिमाजी माझ्याकडे बघत नव्हता. दार उघडून उतरला. एक कॅन घेतला, पुढं गेला, बॉनेट उचललं. फडकं धरून झाकण काढलं. वाफ आली नाही. इतका चढ चढून आलेली गाडी, आणि वाफ नाही. तो ओतायला लागला. मी टॉर्च धरला. कॅन संपला. रेडिएटर भरलं नाही. दुसरा ओतला. खाली रस्ता कोरडा होता. एक थेंब नाही. तिसरा. चौथा. तो कॅन सरळ उपडे करत होता, पण पाणी सांडत नव्हतं. तोंडाशी गेलं की आत ओढलं जात होतं.

"घे बाबा," तो म्हणाला. माझ्याशी नाही. "घे. सगळं घे. तेव्हा नाय दिलं."

मी पाना काढला होता.

"तेव्हा काय?" मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. ओतता ओतता बोलत राहिला. पोरगं जिवंत होतं. पाणी पाणी करत होतं. याच्याकडे एकच कॅन. रेडिएटर फुटलेलं. उताराला लागेपर्यंत गाडी तापायला नको, कोणी यायच्या आत निघायला हवं. त्यानं कॅन रेडिएटरात ओतला. फुटलेलंच ते, पाणी राहिलं नाही. खालून निघालं आणि रस्त्यानं वाहत गेलं. पोराच्या समोरून.

"ते त्याच्यामागं सरपटत आलं," चिमाजी म्हणाला. "मी आरशात बघितलं."

तेव्हा मला कळलं, तो तिकडे का गेला होता.

मी पाना उचलला. खोटं सांगत नाही, त्याच्या डोक्यावरच उचलला. आणि पिण्याचा आवाज थांबला.

एकदम थांबला.

रेडिएटरच्या उघड्या तोंडातून माझं नाव आलं. हळू. भारत नाही. लहानपणी फक्त चंदर म्हणायचा ते. ते मी इथं लिहिणार नाही.

…

माझा हात खाली आला. कसा, ते सांगता येत नाही.

चिमाजी घसा धरून खाली बसला. कॅन सगळे रिकामे झाले होते. तोंड उघडं, ओठ पांढरे. एवढ्यात त्याचे ओठ फाटले होते, कडेला रक्त आलं होतं. जीभ बाहेर. तो माझ्याकडे बघायला लागला. मग माझ्या पिशवीकडे. बाटली दिसत होती.

"पाणी," तो म्हणाला.

मामा इथं सांगतात की त्या पोरानं म्हाताऱ्याला पाणी दिलं आणि देवाला ते पटलं. मी दिलं नाही. मी बाटलीचं झाकण काढलं. तो हात पसरून गुडघ्यावर आला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, चंदर निपचित पडला होता त्या जागेकडे तोंड केलं, आणि मोठ्यानं माझ्या भावाचं नाव घेतलं. बापाचं नाव घेतलं. गावाचं घेतलं. घागर भरताना घेतात तसं. आणि एकेक धार रस्त्यावर सोडली.

चिमाजी त्या पाण्यामागं गेला. सरपटत.

तो पोचायच्या आत रस्ता कोरडा झाला.

त्याला वाईट म्हणा, मला वाईट म्हणा. मला बरं वाटलं. वर्षानंतर पहिल्यांदा छातीतलं काही सुटलं. मी डांबराला हात लावून बघितलं. थंड होतं. उन्हाळ्याच्या रात्रीही तिथलं डांबर थंड होतं. आणि कोणीतरी पोटभर पाणी पिऊन सोडतो तसा एक श्वास, माझ्या कानामागं… मग काही नाही. रातकिडे सुरू झाले. इतका वेळ ते बंद होते, हेही तेव्हाच कळलं.

गाडी पहिल्या चावीला चालू झाली. चारही सिलिंडर बोलत होते. मी चिमाजीला मागच्या सीटवर रिकाम्या कॅनांच्या मधे टाकला आणि देवळ्याला दवाखान्यात नेला. दया आली म्हणून नाही. मेला असता तर सुटला असता.

तो जगला. पोलिसांना त्यानं सगळं आपणच सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. सलाइनवर आहे. पाण्याचा घोट घेतला की घशातून परत येतो. डॉक्टरांनी नळी घालून बघितली, घसा चांगला आहे म्हणतात. रात्री खिडकीतून त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. मी दोनदा जाऊन ऐकून आलो.

पहाटे मी घरी गेलो. आईला म्हणालो, चंदरला पाणी दिलं. तिनं कुठं, कसं, विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चूल पेटवायला गेली.

सकाळी मामा जीपनं आले. पोलीस गाडी न्यायला यायचे होते, त्याआधी त्यांना बघायची होती. दवाखान्याच्या आवारात त्यांनी बॉनेट उचललं आणि तसेच उभे राहिले. मला जवळ बोलावलं.

रेडिएटरची वरची टाकी पितळेची असते. हातानं दाबून दबत नाही. ती दोन्ही बाजूंनी आत गेली होती, आणि दबलेल्या जागी खळगे होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, वर दोन अंगठे. तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावून प्यावा, तसे.

मामांनी आपली बोटं त्या खळग्यांवर ठेवून बघितली. मोठी झाली. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि तिथं टेकवले.

बरोबर बसले.