वडप्याच्या शेतावरचं विमान

वडप्याला हायवेच्या मागे आमचं गोडाऊन आहे. मी, बुद्धभूषण, तिथला सुपरवायझर. मागच्या शटरला लागून नवशा पाटलांचं भातशेत. कापणीनंतर तिथे पेंढ्याच्या उडव्या आणि ऊन, एवढंच.

त्या दुपारी मी आणि नवशाभाऊ शटरपाशी चहा पीत होतो. डोक्यावर लहान विमानाचा आवाज आला. दोन इंजिनांची घरघर. मग एक इंजिन ठसकलं, बंद पडलं. दुसरं एकटंच ओरडत खाली येत गेलं आणि तेही थांबलं. नुसती वाऱ्याची शीळ उरली.

आम्ही माना वर करून बघत राहिलो. आभाळ स्वच्छ, रिकामं. काहीच पडलं नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मग रोज. मी पोलीस चौकीला फोन केला. कुठलंही विमान बेपत्ता नव्हतं. ट्रकचा आवाज असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आवाज दर दुपारी आणखी खाली उतरत होता.

"सायेब, उतराया जागा शोधतंय त्यो," नवशाभाऊ म्हणाले. "माझा शेत मोकला करू?"

मला हसू आलं नाही. आम्ही उडव्या हलवल्या, बांध फोडले. त्यांची बायको गुणाबाई दुपारी शेतात पाऊल टाकेना. आवाज आला की आम्ही दोघं कडेला उभे राहून रिकाम्या आभाळाला हात करायचो. इकडे, इकडे ये.

आणि एका दुपारी आवाजाबरोबर विमानही आलं. पांढरं, एका पंखामागे काळा धूर.

ते शेतात टेकलं, घसरत गेलं आणि विजेच्या खांबावर आदळून चेपलं. आत एकटा पायलट, तिशीतला. कमरेखाली पत्र्यात अडकलेला. पहारीने दार उचकटून पाहिलं. पत्रा हलेना. अग्निशमनची गाडी हायवेच्या जाममध्ये अडकली होती. सायरन ऐकू येत होता, जवळ येत नव्हता.

"पाणी," तो म्हणाला.

गुणाबाई धावत आली. तिने ओंजळीने पाजलं.

"गाडी येतेय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे एकटक बघत होता. "तुम्ही दोघं दिसायचात. हात करताना. चाकं टेकणार, तेवढ्यात मी परत वर."

"कधीपासून?"

त्याची मान एका बाजूला कलंडली.

सायरन तिथेच वाजत राहिला.

संध्याकाळी सरकारी रुग्णालयात पायलटची बायको आली, पूर्वी नाव तिचं. विमान आदळलं तेव्हा उड्डाणाला पुरता तासही झाला नव्हता, असं अधिकारी तिला सांगत होते. तिने चादर बाजूला केली. गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"सकाळी दाढी करून निघाले होते हे," ती मला म्हणाली.

बोटभर वाढली होती. हनुवटीपाशी पिकलीही होती.