खालच्या चौकीची पोच

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होते.

आणि रात्रीची भानगडही नाही. जानेवारीतली दुपार, तीनचा सुमार. बाहेर बर्फावर डोळे दिपतील असं ऊन.

जागा, काराजार घाटाची वरची चौकी.

मी कनिशाय. बिश्केकच्या एका कार्यालयात नेटवर्कचं काम बघते. घाटावरून बर्फाच्या नोंदी आमच्याकडे येतात, आमच्याकडून रस्तावाल्यांकडे जातात. बर्फाचा कडा सुटायच्या बेतात असला की ते रस्ता बंद करतात.

नोव्हेंबरपासून या नोंदी रखडत होत्या. दोन सेकंदांचं काम... अर्धा तास.

दहा दिवसांपूर्वी इशारा पोचायच्या आत एक दुधाचा ट्रक घाटात शिरला. ड्रायव्हर जिवंत निघाला. पाय मात्र दोन्ही गेले.

म्हणून मला वर पाठवलं.

वर एकच माणूस होता, सागिनबेक-बाइके, म्हणजे आपले सागिनबेकदादा. वय अठ्ठावन्न.

"ये पोरी," दार उघडून ते म्हणाले. "याआधी इथे माणूस आला तो ऑक्टोबरात. तोही वाट चुकून."

चहा ओतताना ते सारखे बोलत होते. खूप दिवस न बोललेला माणूस बोलतो तसं.

मी आधी लाईन तपासली. लाईन ठणठणीत. एक मोठी फाईल हाताने पाठवून बघितली. पापणी लवायच्या आत बिश्केकला.

म्हणजे दोष लाईनीत नव्हता. प्रोग्राममध्ये होता.

तीनच्या नोंदी निघाल्या तेव्हा येणारं-जाणारं डेटाचं प्रत्येक पॅकेट मी पडद्यावर लावलं.

प्रोग्राम एक ओळ पाठवायचा... आणि थांबायचा.

परत एक ओळ... परत थांबायचा.

तो पोच मागत होता. दोन ठिकाणांहून. बिश्केकची पोच लगेच येत होती. दुसरा पत्ता होता खालच्या चौकीचा.

मला हसूच आलं. खालची चौकी चार वर्षांपूर्वी बर्फाखाली गेली. ना भिंत उरली, ना तार. प्रोग्राम बिचारा मेलेल्या पत्त्याची वाट बघतोय. तीस सेकंद उत्तर आलं नाही की पुढची ओळ. सोपं होतं.

मग मी वेळा बघितल्या.

अकरा सेकंद. एकोणीस. चौदा. सव्वीस.

उत्तर न येता वाट बघणं संपलं असतं, तर प्रत्येक वेळी बरोब्बर तीस यायला हवे होते.

उत्तर येत होतं...

मी बिश्केकच्या कार्यालयातल्या मारातला फोन लावला. नेटवर्कवरचे पत्ते नेमून द्यायचं काम त्याचं.

"तो पत्ता कुणालाच दिलेला नाही गं," तो म्हणाला. "चार वर्षं रिकामा पडलाय. थंडीने डोकं गोठलं का तुझं?"

मी फोन ठेवला. छोटा आकडा असेल तिथे पोच लवकर येत होती. लांबलचक ओळ असेल तिथे उशिरा. यंत्राला अशा ओळीला पंधरा सेकंद लागत नाहीत.

"ती वहीत उतरवून घेते," मागून बाइके म्हणाले. "खाली तसाच नियम होता. ओळ लिहायची, मग बटण दाबायचं."

मी वळले नाही.

"कोण, बाइके?"

"तुर्सुनाय."

खालच्या चौकीवर ती एकटी असायची. वर हे एकटे. एकोणीस वर्षं दोघांनी एकमेकांना आकडे पाठवले. भेट वर्षातून पाच-सहा वेळा, रस्ता उघडला की. चौकीबरोबर तीही गेली.

"तिचा पत्ता प्रोग्रामच्या पत्त्यांच्या फाईलमधून काढला होता ना?" मी विचारलं.

"काढला होता. नोव्हेंबरात मीच परत घातला." ते खाली बघत होते. "उगाच. नाव दिसावं म्हणून. तिच्यावाचून ती फाईल उघडवत नव्हती मला. उत्तर येईल असं... खरंच वाटलं नव्हतं, पोरी."

पडद्यावर एक ओळ अडकली होती. अठ्ठावीस सेकंद.

"पेन्सिलीला टोक करत असेल," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी ट्रकवाल्याचं नाव काढलं नाही. त्यांनीच काढलं. "त्याच्या घरी जाऊन आलो मी. दोन लहान पोरी आहेत त्याला." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "काढ तो पत्ता. तूच काढ. माझ्याने नाही होणार."

मी फाईलमधली तिच्या पत्त्याची ओळ पुसली.

संध्याकाळी सहाच्या नोंदी दोन सेकंदांत गेल्या. बाइके खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या चहावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी मी उतरले. काम फत्ते. साहेब खूश.

पण बिश्केकला नेटवर्कच्या नोंदी बघताना लक्षात आलं... दर तीन तासांनी, वरच्या नोंदी निघायच्या वेळेला, त्या रिकाम्या पत्त्यावरून वरच्या चौकीला एक हाक येत होती. मजकूर काही नाही. नुसतं, कोणी आहे का?

उत्तर कोणी देत नव्हतं.

एका ओळीत मला ते अडवता आलं असतं. माझा हात धजावला नाही.

उन्हाळ्यात बाइके निवृत्त होऊन ओश शहरात मुलीकडे गेले. वर आता कोणी राहत नाही, सगळं आपोआप चालतं. हाक मात्र येत राहिली.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग हळूच म्हणाले, "पोरी, खालून काही येतं का गं अजून?"

त्यांना मी हाकेबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बाइके. काहीच येत नाही."



"मग दमली असेल," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या दुपारी तीनची हाक आली नाही.

सहाची नाही. दुसऱ्या दिवशीचीही नाही.

कुणी अडवलं का, म्हणून मी सगळं तपासलं. मारातला विचारलं. अडवणारी ओळ कुठेच नाही.

आता मीच दर तीन तासांनी हाक आली का बघते...