खालच्या डेकची हवा

लोन्झूचं काम साधं होतं. माल्टातली वाहनं वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते मोजायचं आणि ब्रसेल्सला कळवायचं. देश एवढासा, चारी बाजूंनी समुद्र. गाडी जाऊन जाणार कुठे? त्यामुळे बेरीज सहसा जुळायची. यंदा जुळली नाही.

घोळ होता शेजारच्या गोझो बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या खालच्या डेकवर. दोन वर्षं तो डेक दुरुस्तीच्या नावाखाली बंद होता. तिथे गाडी नाही, इंजिन नाही. भिंतीवरचा कार्बन डायऑक्साइडचा मापक मात्र चढता आकडा पाठवत होता. दर महिन्याला एक पायरी, प्रत्येक पायरी ताशी छत्तीस ग्रॅमची. आजवर तेवीस पायऱ्या झाल्या होत्या.

"ताशी छत्तीस ग्रॅम सोडणारं वाहन आपल्याकडे नाही," लोन्झू म्हणाला. "गवत कापायचं यंत्रसुद्धा तपासलं."

विभागप्रमुख ग्रॅत्स्याबाई कीबोर्डवर सांडलेला पास्तिझीच्या खुसखुशीत पापुद्र्यांचा चुरा झटकत होत्या. "शेळी असेल."

"शेळी नाही, बाई. माणूस एवढा सोडतो. स्वस्थ बसलेला."

"मग तेवीस माणसं स्वस्थ बसलीत. सरकारी नोकर असतील." त्या हसल्या नाहीत. "बाराच्या आत कारण लिहून दे. 'अज्ञात' लिहिलंस तर कागद परत येतो. कागद परत आला, तर सोमवारपासून तू येऊ नकोस."

पावणेनऊच्या बोटीवर वेन्झू नावाचा म्हातारा खलाशी गाड्या लावून घेत होता. लोन्झूने त्याला जाणाऱ्यांची यादी मागितली.

"जाणाऱ्यांची?" वेन्झू म्हणाला. "जाताना कोण विचारतंय? तिकीट येताना. गेलेला परत येणारच. गोझोत राहून करणार काय?" तो स्वतः गोझोचा होता.

"आणि काका, एखादा आलाच नाही, तर कळणार कसं?"

"बायको सांगेल ना." वेन्झू किल्ली शोधत राहिला. "अजून कुणाची आली नाही म्हणा."

त्याने लोखंडी दार उघडलं. "पाच मिनिटं. किनारा दिसला की मी हे लावतो. नियम आहे."

खाली काहीच नव्हतं. गाड्या उभ्या करायचे पांढरे पट्टे, तेलाचा जुना वास. एवढ्या थंडीत भिंती मात्र कोमट होत्या. लोन्झूने एकीला तळवा लावला. ओला झाला. त्याने तो पँटला पुसला आणि वहीत 'दमट' असं लिहिलं.

फोन थरथरला. ग्रॅत्स्याबाईंचा निरोप होता: 'आकडा आत्ता एका पायरीने वाढला. तूच उभा आहेस ना तिथे? तुझे छत्तीस वजा करून पाठव.'

म्हणणं रास्त होतं. स्वतःला वजा करायचं म्हणून लोन्झू मापकासमोर उभा राहिला आणि त्याने श्वास रोखला.

डेकवरचा आवाज थांबला.

थांबल्यावर त्याला कळलं की इतका वेळ आवाज होता. मोठा, मंद, वरखाली होणारा. तो त्याला इंजिनाचा वाटला होता. इंजिन अजून चालूच होतं.

मापकावरचा आकडा जागच्या जागी उभा राहिला.

लोन्झूही थांबला. त्यांनी सुरू करावं, मग आपण. ते बहुधा तेच ठरवून होते. छाती फुटायला आली तरी कुणी पुढाकार घेईना. शेवटी त्याने श्वास सोडला.

सगळ्यांनी सोडला. मानेवर, कानामागे, गुडघ्यांपाशी.

तो दारापाशी धावला. बाहेरून कडी होती.

बोट गोझोला लागली. वरच्या डेकवरून गाड्या धडधडत उतरू लागल्या. मग पावलं. मग शांतता.

"खाली कोणी आहे?" एक अनोळखी आवाज म्हणाला.

"कोण असणार?" हा वेन्झू, अगदी दाराशी. "सगळे उतरले."

लोन्झूने ओरडायला तोंड उघडलं. बाहेर पडली ती नुसती हवा, बाकीच्यांच्या हवेबरोबर.

वेन्झूने दारावर दोनदा हलकेच थोपटलं, गोठ्यात थोपटतात तसं, आणि तो निघून गेला.

बोट परत माल्टाकडे वळली. लोन्झू पांढऱ्या पट्ट्यावर बसला आणि स्वतःला समजावू लागला. श्वास आपला आहे. पुढचा मुद्दाम उशिरा घ्यायचा. दहा मोजायचे, मगच घ्यायचा.

तो तीनवर होता, तेव्हा बाकीच्यांबरोबर त्याचीही छाती भरली.