गार्गीचं प्रस्थान

लहान मुलांना घेऊन चार दिवस कुठे जायचं, तर माणसं किती तयारी करतात ते मला प्रणिता आणि सौमित्रमुळे कळलं. मला मूलबाळ नाही. मी आणि माझा नवरा उल्हास निघायचो तेव्हा एक बॅग, दोन पासपोर्ट, दाराला कुलूप, संपलं. या दोघांचा मात्र २०१६च्या जानेवारीपासून माझ्या जेवणाच्या टेबलावर खल चालला होता. त्यांच्या टेबलावर खेळण्यांचा ढीग असायचा, म्हणून माझं.

सौमित्रला जूनमध्ये ऑफिसच्या कामाला लंडनला जायचं होतं. त्याला जोडून इंग्लंडच्या एका खेड्यात राहायचं ठरलं. दगडी घर, मागे कुरण, कुरणात मेंढ्या. जुळ्यांना एक पाळणा पुरेल की दोन लागतील? जिना लाकडी आहे, मग त्याला वर फाटक आहे का? भाड्याच्या गाडीत मागे दोन बेबी सीट बसतील का? छोटा कुकर न्यावा का? मी म्हटलं, "अरे, मेंढ्या बघायला चाललायत की तिकडे बिऱ्हाड थाटायला?" प्रणिता पोट धरून हसली. तेव्हा ती हसायची.

आम्ही इकडे परदेशात, सेरंगूनला, एकाच ब्लॉकमध्ये, एकाच मजल्यावर. लिफ्टजवळ त्यांचा फ्लॅट आणि कॉरिडॉरच्या पार पश्चिमेच्या टोकाला माझा. मजल्यावर मराठी घरं दोनच. सौमित्र बुओना व्हिस्टाला आयटीत, मी पाया लेबारला एका कंपनीत हिशेब तपासते. उल्हास जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी मी घरी आले की त्यांची जुळी, वेदांत आणि गार्गी, कॉरिडॉरमधून धावत माझ्या जाळीच्या दाराशी यायची. इंग्लंडच्या चिखलासाठी मॉलमधून गमबूट आणले होते, त्याचे निळे, तिचे पिवळे. इथल्या घामट हवेत ती ते पायातून काढायची नाहीत. गार्गी सौमित्रच्या लॅपटॉपवर कोकरांचा फोटो बघायची आणि म्हणायची, "बे बे. जाऊ."

मार्चमध्ये ताप आला आणि गार्गी गेली. याहून जास्त मला सांगवत नाही.

प्रणिता रडली ते सगळ्यांनी पाहिलं. पण तिला आतून कुरतडत होतं ते वेगळंच. एवढ्या लहान लेकराचं दिवसकार्य नसतं, असं पुण्याच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं. ना दहावा, ना तेरावा. "तिला कुणी निरोपच दिला नाही हो, काकू," ती मला म्हणाली. "दवाखान्यातून निघालो आणि संपलंच सगळं. ती अजून घरातच आहे. मी अंथरूण घालते तर मधे जागा सोडते."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

सौमित्रने इंग्लंडचं बुकिंग तसंच ठेवलं होतं. प्रणिता नाही म्हणेल असं मला वाटलं होतं, पण ती चटकन तयार झाली. एका रविवारी पोह्यांची बशी हातात धरून, घास न घेता म्हणाली, "तिला कबूल केलं होतं ना मी. मी तिला नेणार आहे. त्या कुरणाशी सोडणार आहे. मग मी वेदांतकडे बघेन. हल्ली मला त्याच्याकडे नीट बघताच येत नाही, काकू." 'वेडी आहेस का' हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पोराकडे बघता येत नाही म्हणणाऱ्या आईला वेडी म्हणून काय साधणार होतं?

निघायचा दिवस नेमका अमावस्येचा आला. प्रणिताच्या आईने सांगलीहून फोनवर आकांत मांडला. शेवटी तोडगा निघाला, प्रस्थान ठेवायचं. आजकाल कुणाला माहीत नसतं म्हणून सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाला जाणाऱ्याचे कपडे, सुपारी, हळकुंड, तांदूळ असं गाठोड्यात बांधून, जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्याच दिवशी घरातून निघाला असं धरायचं. मग जाताना तिथून गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. एक नियम मात्र कडक. ज्याचं प्रस्थान ठेवलं त्याला पुढे जायलाच हवं. गाठोडं माघारी घरात घ्यायचं नाही.

पश्चिमेचं घर माझं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण "ठेव बाई, माझ्या दिवाणाचं काय जातंय," असं मी म्हटलं. गुरुवारी संध्याकाळी दोघं आली. जुन्या साडीच्या तुकड्यांत बांधलेली गाठोडी प्रणिताने खिडकीखालच्या दिवाणावर ओळीने मांडली. सौमित्रचं, तिचं, वेदांतचं.

आणि एक चौथं. त्यातून पिवळ्या गमबुटांची टोकं दिसत होती.

सौमित्र दाराशीच उभा होता. "कापडंच तर आहेत," तो कुणाकडे न बघता म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण उघडा होता. डब्यांची झाकणं फरशीवर पसरली होती. खणाची पट्टी सैल झाली असेल, म्हटलं. झाकणं उचलून आत टाकली आणि चहा ठेवला.

चहा पिता पिता खिडकीचा पडदा दिसला. त्याचा खालचा कोपरा ओला होता. एसी गळतो की काय म्हणून वर पाहिलं. एसी समोरच्या भिंतीवर आहे. कोपरा हातात घेतला तर चुरगळलेला, चिकट. चघळल्यासारखा. दात येणारी मुलं पडदे चघळतात हे मला ठाऊक होतं, कारण हाच पडदा पूर्वी गार्गीने चघळला होता आणि मी तिला लटकी ओरडले होते. मी पडदा काढला आणि धुवायला टाकला.  वय झालंय, भास होतात, असं मी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं.

शनिवारी सकाळी वेदांत एकटाच जाळीच्या दाराशी आला. मी वाकून म्हटलं, "या साहेब."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या बाजूने, खाली, दिवाणाकडे बघत होता. हातातलं बिस्किट त्याने जाळीतून आत धरलं.

"मला?" मी विचारलं.

"नॉट यू, काकू." मग आतल्या दिशेला, जरा वैतागून, इथल्या पोरांच्या इंग्रजीत, "कम लाह. एव्हरीबडी वेटिंग."

मागून प्रणिता आली. तिने ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. कितीतरी महिन्यांनी ती शांत दिसत होती. "बघितलंत?" ती म्हणाली. "निघाली ती घरातून. काल मी अंथरूण घातलं तेव्हा मधे जागा सोडावी असं वाटलंच नाही." मग तिने वेदांतला उचललं, त्याच्या केसांत नाक खुपसलं आणि त्याला घेऊन गेली. मला गलबलून आलं. हे प्रस्थान खुळचटपणाचं का असेना, पण त्यामुळे एका आईला तिचं पोर परत मिळत असेल तर मी दिवाणच काय, अख्खं घर दिलं असतं.

बिस्किट आत फरशीवर पडलं होतं. दुपारी झाडू मारायला घेतला तेव्हा ते तिथे नव्हतं. मुंग्या एवढ्या लवकर नेत नाहीत, हा विचार मी मनातून झटकला.

रविवारी निघायची वेळ झाली. प्रणिता वेदांतला घेऊन खाली टॅक्सीपाशी गेली आणि सौमित्र गाठोडी घ्यायला वर आला. तिघांची त्याने उचलली. चौथ्यापाशी थांबला. खाली बसला, गाठ सोडली. आत गुलाबी फ्रॉक होता, वाढदिवसाचा. तो त्याने नाकाशी धरला.

"काकू, एक-दोन जुने टॉवेल देता?"

मला आधी कळलंच नाही. मी दिले. त्याने त्या साडीच्या तुकड्यात टॉवेल घातले, तांदूळ-सुपारी घातली आणि वरून तशीच गाठ मारली. फ्रॉक आणि बूट मागे राहिले.

"सौमित्र, अरे, ती विचारेल बूट कुठे."

"सांगेन की कागदात गुंडाळून आत घातलेत. गाठ ती सोडणार नाही. सोडायची नसते म्हणे."

"फसवतोयस तिला."

"प्रणिताला जमतंय, काकू," तो म्हणाला. "मला नाही जमत. घरातलं सगळं तिने देऊन टाकलं. हे एवढंच उरलंय. हेही तिकडे कुरणात टाकून यायचं? माघारी आलो की मी घेऊन जाईन. तोवर राहू दे तुमच्याकडे." एवढा मोठा माणूस, माझ्या फरशीवर बसून हुंदके देत होता. मी त्याला पाणी दिलं. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला.

मी खाली गेले. वेदांतच्या हातावर दही घातलं. टॅक्सी वळेपर्यंत प्रणिता हात हलवत होती. मांडीवर तिने चौथं गाठोडं धरलं होतं, दोन्ही हातांनी.

वर येऊन मी फ्रॉक आणि बूट एका पिशवीत घातले आणि उल्हासच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. स्टूल घेऊनच माझा हात तिथे पोचतो.

सोमवारी संध्याकाळी मी कुलूप काढून दार ढकललं, ते कशाला तरी अडलं.

आतल्या बाजूला, दाराला अगदी चिकटून, पिवळे बूट उभे होते. टोकं बाहेरच्या दिशेला.

मी ते परत वर ठेवले. कपाटाला किल्ली लावली आणि मंगळवारी सकाळी ती किल्ली पर्समध्ये टाकून ऑफिसला गेले.

त्या संध्याकाळीही दार अडलं.

मग मी ते हलवले नाहीत. घर तापलेलं असायचं, संध्याकाळीही पंखा गरम हवा फेकायचा, आणि दाराजवळची तेवढी हातभर जागा गार असायची. मी तिथून जाताना कडेने जाऊ लागले. झोपलेल्या मुलाला ओलांडू नये म्हणतात, तशी.

जाळीच्या दाराची कडी वाजायची. वरची नव्हे. खालची.

मला भीती वाटायची का? वाटायची. पण खरं सांगते, भीतीपेक्षा कीव जास्त वाटायची. घरातून निघालेली, पुढे कुणी न नेलेली, आणि ज्या दाराशी आणून सोडली त्याच दाराशी उभी. माघारीही जाता येईना. मी मऊ भात केला, तूप घातलं, वाटी दाराशी ठेवली. तिने त्याला हात लावला नाही. तिला भात नको होता.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. सौमित्रला फोन करावा, म्हणावं, बाबा रे, हे घेऊन जा. पण तो तरी तिथून काय करणार? आणि प्रणिताला काय सांगायचं? मी दाराजवळ खुर्ची ओढून बसले होते, तेवढ्यात प्रणिताचाच फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे मेंढ्यांचं बें बें ऐकू येत होतं.

"काकू! काल सोडून आले हो तिला." तिचा आवाज ओला होता आणि मोकळा होता. "कुरणाच्या कडेला एक मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी ठेवलं गाठोडं. म्हटलं, बघ, आणलं की नाही तुला. आणि काकू, खरंच गेली ती. मला कळलं. रात्रभर झोपले मी. सकाळी वेदांतने उठवलं, तर मी त्याला घट्ट धरून किती वेळ हसतच होते. तो म्हणतो, मम्मा, यू स्टॉप लाह."



"गेली ना हो ती?" तिने विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

दाराजवळचे बूट वळले होते. टोकं माझ्याकडे होती.

"गेली गं," मी म्हटलं. "छान गेली."

माझ्या गुडघ्याला गारवा टेकला. गाऊनचं टोक ओढलं गेलं. हळूच. मग पुन्हा.

"मग ठेवू का फोन? नाश्ता करायचाय."

"नको, थांब," मी म्हटलं. "बोल ना थोडं. कोकरांचं सांग. सावकाश सांग."

"अय्या, तुम्हाला कधीपासून कोकरांची आवड?" ती हसली, पण सांगू लागली. कोकरू बाटलीने दूध पितं तेव्हा त्याचं शेपूट कसं हलतं, वेदांत बाटली धरून कसा उताणा पडला.

मी स्पीकर लावला. फोन हळूहळू खाली नेला आणि माझ्या गुडघ्याच्या जरा वर धरला.

प्रणिता बोलत होती.

मी बोटं सोडली. फोन पडला नाही.