भिंतीत न बसलेला दगड

फार लागलं का? बसा जरा. दाराशी दगड आहे हे गिऱ्हाइकांना आधी सांगायचं माझं नेहमी राहून जातं. कुणाचं तरी बोट मोडल्याशिवाय तुम्ही सुधारणार नाही, असं बायको म्हणते. पण तो हलवून ठेवायचा कुठे? तुमच्या कोटाची बाही उसवून पुन्हा लावायला वेळ जाईल, तोवर दगडाची गोष्ट सांगून होईल. तो दिवा थोडा इकडे सरकवा. काळ्या कापडावर काळा दोरा मला आता दिसत नाही.

समोरचा डोंगर येताना तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या पायथ्याने कमरेएवढी भिंत जाते. नुसती दगडावर दगड रचलेली, चुना नाही की सिमेंट नाही. भिंतीच्या आतला डोंगर सगळ्या गावाचा. आमच्याकडे माणूस गेला की घरचे त्याचा एक दगड त्या भिंतीत बसवतात. त्यावर नाव नसतं, त्याच्या कामाची खूण असते. बेकरीवाल्याच्या वडिलांचा पाव आहे. गवंड्याच्या आईने जन्मभर कोंबड्या पाळल्या, म्हणून तिची कोंबडी. माझे वडील शिंपी, त्यांची कात्री.

मग डोंगराखाली खाण आली आणि खाणवाल्यांना हा उतार हवासा झाला. एका सुट्टीच्या दिवशी, गाव घरात असताना, त्यांनी ओढ्याजवळचा भिंतीचा मोठा तुकडा यंत्राने पाडला, दगड क्रशरमध्ये घातले आणि खडी करून आपल्या रस्त्यावर पसरली. माझे वडील त्या तुकड्यात होते. गवंड्याची आईसुद्धा. त्या रस्त्याने जाताना मी कितीतरी दिवस पाय जपून टाकायचो. लोक हसायचे, पण तेही कडेकडेनेच चालायचे.

गावाने भांडण लावून धरलं. शेवटी वरून निकाल आला की जुन्या जागी भिंत सलग असेल तर डोंगर गावाचा, नाहीतर त्याचा लिलाव. पडलेला भाग पुन्हा बांधायची परवानगी हातात पडली आणि लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी साहेब येणार होते. म्हणजे हातात एकच दिवस. ज्यांना ज्यांना उभं राहता येत होतं ते सगळे ओढ्यावर जमले.

आमची दगड वाहायची एक पद्धत आहे. ओढ्यापासून भिंतीपर्यंत रांग लावायची आणि दगड हातोहात वर द्यायचा. खाली बघायचं नाही, कारण उतारावर वाकून बघितलं की तोल जातो. हात मागे करायचे, दगड आला की तो पुढे घेऊन वरच्याला द्यायचा. आणि हाका मारायच्या नाहीत, दम जातो. दगड यायचे थांबले की काम थांबलं असं समजायचं आणि उतरायचं.

त्या दिवशी सगळ्यात खाली, ओढ्यात, बेकरीवाला होता. माझ्या लगेच खाली पोस्टमन, माझ्या वर माझी बायको आणि अगदी वर भिंतीशी गवंडी. पोस्टमनचं तोंड म्हणजे सुटलेलं रीळ. माझ्या पाठीमागे त्याची सकाळपासून टकळी चालू होती.

दुपार कलली तसं धुकं उतरलं. आधी गवंडी दिसेनासा झाला, मग बायकोचं डोकं, मग तिचे हातच तेवढे उरले. दगड मात्र येत होते. ओढ्यातले ओले, गुळगुळीत, शेवाळाच्या वासाचे दगड.

पोस्टमन कधी गप्प झाला ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दगडांवरून. ते कोरडे येऊ लागले होते. इतक्या धुक्यात, ओढ्यातून येणारे दगड कोरडे. शेवाळाचा वासही गेला होता. त्याजागी सुरुंग उडाल्यावर खाणीवरून जी भुकटी येते, तिचा वास येत होता.

"दमलात वाटतं," मी मागे न बघता म्हणालो.

 पुढचा दगड आला. घेताना त्या हातांना माझा हात लागला. पोस्टमनने लोकरीचे हातमोजे घातले होते, त्यावरून मी सकाळी त्याची थट्टाही केली होती. हे हात उघडे होते आणि गार होते.

"अजून किती आहेत...?" मी विचारलं.

 मग अगदी जवळून कुणीतरी हळू म्हणालं, "पुरतील."

आवाज ओळखीचा वाटला. धुक्यात सगळेच आवाज ओळखीचे वाटतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. मानेवरचे केस मात्र उभे राहिले होते. वळून बघावं असं फार वाटलं. पण वळलो तर दगड थांबतील, आणि दगड थांबले तर भिंत अपुरी राहील, या भीतीपुढे ती दुसरी भीती गप्प बसली.

त्यानंतर जो दगड आला तो हातात घेतला आणि माझी बोटं जागीच थांबली. दगडावर कोरलेलं होतं. दोन पाती, दोन गोल मुठी, आणि मधल्या खिळ्याच्या जागी वडिलांच्या हट्टासाठी मी कोरलेलं छोटंसं बटण. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. भीती होतीच, पण आनंदही झाला. मी तो दगड छातीशी धरला, थोडा जास्तच वेळ धरला असेन, आणि मग वर दिला.

बायकोची बोटं त्यावरून फिरली तशी तीही थबकली. "अहो... हा तर..."

"दे पुढे," मी म्हणालो. "बोलू नकोस."

तिने दिला. दगडामागून दगड येत राहिले आणि आम्ही ते न बोलता वर देत राहिलो. शेवटी वरून गवंड्याचा आवाज आला, "बस. भरली." तेवढ्यात माझ्या हातात आणखी एक दगड आला होता. मी वळलो. खाली धुकं होतं आणि उतार होता. माणूस कुणी नव्हतं.

आम्ही वरची मंडळी एकमेकांना धरून खाली आलो. बेकरीत भट्टीशी सगळे खालचे शेकत बसले होते. धुकं उतरल्या उतरल्या बेकरीवाल्याचा पाय ओढ्यात मुरगळला, म्हणून त्याला उचलून ते केव्हाच घरी आले होते. पोस्टमन हातमोजे भट्टीवर वाळवत मला म्हणाला, "अहो, दगड थांबले की तुम्ही उतरणारच, म्हणून हाक नाही मारली. इतका वेळ वर करत काय होता?"  बायकोने माझ्या हातातला दगड काढून दाराशी ठेवला आणि भट्टीपुढे हात धरले.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मोजणी साहेबांनी फीत लावली, भिंतीवरून दोनदा हात फिरवला आणि भिंत जुनी आहे, सलग आहे, असं सांगून टाकलं. डोंगर गावाचा राहिला. खाणवाल्यांचा माणूस काहीतरी बोलणार होता, पण भिंतीतले पाव, टपालाच्या पिशव्या, कोंबडी, कात्री बघून त्याची बोबडी वळली. ते दगड क्रशरमध्ये घालताना तो स्वतः तिथे उभा होता. गवंडी आईच्या दगडापाशी बसून होता आणि एकटाच हसत होता. नंतर आम्ही खाणीच्या रस्त्यावर गेलो. रस्त्यावर खडीचा एक कणही नव्हता, नुसती माती. आता मी त्या रस्त्याने ऐटीत चालतो.

राहिला हा दगड. भिंतीत त्याला जागाच नव्हती. गवंड्याने सगळीकडे लावून बघितला, मग म्हणाला, "ह्याची वेळ झाली नाही अजून. घरी ठेव." तेव्हा तो चारी बाजूंनी कोरा होता. आम्ही त्याचा दाराला अडसर केला आणि विसरलो. खरंच विसरलो होतो, दिवस इतके सुखाचे गेले. संध्याकाळी दोघं भिंतीपर्यंत फिरायला जातो, वडिलांपाशी थोडं बसतो आणि भांडत परत येतो.

गेल्या हिवाळ्यात बायको उंबरा पुसत होती, तिला दिसलं. दगडावर एक रेघ उमटली आहे. छिन्नीची भुकटी नाही, ठोकल्याचा आवाज नाही. रोज केसभर पुढे सरकते. आमच्या घरात शिवणारी माणसं दोन. कापणं माझं, शिवण बहुतेक तिची. पुढे जाऊन रेघेच्या टोकाला भोक पडलं आणि सुई निघाली तर दगड तिचा. बाजूला दुसरं पातं फुटून कात्री झाली तर माझा.

ती म्हणते, "माझाच आहे. तुमच्या हातून इतकी सरळ रेघ जन्मात आली आहे का?" आणि हसते. मीही हसतो. मग ती झोपली की मी दिवा घेऊन दाराशी येतो आणि दुसरं पातं फुटलंय का ते बघतो.

घ्या, बाही झाली. जाताना जपून. आणि तुमची नजर चांगली असेल तर वाकून एकदा बघा, मला सांगा, त्या रेघेच्या टोकाला ते काय आहे? भोक आहे का? ...नको. राहू द्या, सांगू नका.